लय कुणाच्या हाती?

एखादे नाचगाणे पाहून-ऐकून घरी परतताना आपण सहज म्हणून जातो, ‘आज रंगले बुवा!’ पण रंगले म्हणजे नेमके काय झाले, असे कुणी विचारले, तर पटकन सांगता येत नाही. शब्द चांगले होते म्हणावे, तर तेच शब्द दुसऱ्या फडात पडलेले आपण पाहिलेले असतात. नाचणारी देखणी होती म्हणावे, तर देखणेपण पहिल्या पाच मिनिटांतच डोळ्यांच्या सवयीचे होऊन जाते. मग उरतात तीन गोष्टी. गाणे किती वेगाने चालले, ती लय. कोणत्या स्वराला ‘सा’ मानून ते उभे राहिले, ती पट्टी. आणि या दोहोंच्या मेळातून ऐकणाऱ्याच्या मनात जे उतरले, तो भाव. पॅरिसच्या ऑपेरातला बॅले असो, नाही तर माळेगावच्या यात्रेतला तमाशाचा तंबू. नाचाच्या संगीताची ओळख करून द्यायची, तर या तिन्हींबद्दल बोलावेच लागते.

बॅले आणि तमाशा ही दोन नावे एका दमात घेतलेली पाहून काही वाचकांना हसू येईल. मी काही संगीताचा पंडित नव्हे. पेटीवर बोटे फिरवण्यापुरते ज्ञान, आणि आयुष्य नांदेड-लातूर रस्त्याच्या आसपास गेल्यामुळे त्याच रस्त्यावरच्या माळेगावच्या यात्रेतली वर्षानुवर्षांची हजेरी, एवढेच माझे भांडवल. पण या दोन दूरच्या गोष्टी शेजारी ठेवून ऐकल्या, की आपल्या लावणीत आज काय घडते आहे, ते एकदम स्वच्छ दिसते. म्हणून हा खटाटोप.

पांढरी एकमधला बॅले

मोरीस रावेल हा फ्रेंच संगीतकार. १९२८ साली इडा रुबिनस्टाईन या रशियन नर्तकीने त्याच्याकडे आपल्या मंडळीसाठी स्पॅनिश ढंगाचे नृत्यसंगीत मागितले. अल्बेनिझ या स्पॅनिश संगीतकाराच्या पियानोरचना वाद्यवृंदासाठी बसवून द्यायच्या, असा मूळ बेत होता. पण त्यांचे हक्क आधीच दुसऱ्याला दिलेले निघाले. तेव्हा रावेलने स्वतःचेच काहीतरी लिहायचे ठरवले, आणि त्यातून ‘बोलेरो’ जन्माला आला. २२ नोव्हेंबर १९२८ रोजी पॅरिसच्या ऑपेरात त्याचा पहिला प्रयोग झाला. नाच बसवला होता ब्रोनिस्लावा निजिन्स्का या बाईंनी. रंगमंचावर स्पेनमधला एक दारूचा गुत्ता, त्यात मधोमध एक टेबल, टेबलावर एकटी नाचणारी स्त्री, आणि भोवती हळूहळू भान हरपत जाणारे पुरुष. चित्र ओळखीचे वाटते ना? मध्ये बाई, बाजूला वाजते कातडे आणि भोवती पुरुषांचा गराडा. तंबूतल्या लावणीचे चित्र याहून फार वेगळे नसते.

आता त्याची लय पाहा. तीन-तीन मात्रांचा ठेका आणि वेग मिनिटाला सुमारे ७२ मात्रा. म्हणजे निवांत बसलेल्या माणसाच्या नाडीचे जितके ठोके पडतात, साधारण तितका. रावेलच्या मनात हा आकडा ६६ ते ७६ च्या दरम्यान हलत राहिला; पण एकदा धरलेला वेग शेवटपर्यंत सोडायचा नाही, हा त्याचा हट्ट होता. वाद्यवृंदात एक छोटा कातडी ढोल असतो. त्याच्यावर दोन ओळींचा एक बोल सुरुवातीला अगदी हलक्या हाताने सुरू होतो आणि तोच बोल, न बदलता, न थांबता, शेवटपर्यंत वाजत राहतो. पंधरा-सोळा मिनिटे!

पट्टी म्हणाल, तर आपल्या पेटीच्या भाषेत पांढरी एक, आणि पहिल्या चालीत सारे शुद्ध स्वर, म्हणजे आपल्या बिलावल थाटासारखी मांडणी. दुसऱ्या चालीत कोमल स्वर डोकावतात आणि तेवढ्याने तिला किंचित घायाळ, किंचित लाडिक रंग येतो. या दोनच चाली आलटून-पालटून येतात. आधी एकटी बासरी, मग क्लॅरिनेट, मग बसून, पुढे ट्रंपेट, सॅक्सोफोन, ट्राँबोन, असे करता करता शेवटी सगळा वाद्यमेळ. चाल तीच, वेग तोच. वाढतो तो फक्त आवाज आणि वाद्यांचा रंग. अगदी शेवटाकडे रावेल काही क्षणांसाठी ‘सा’ उचलून पांढरी तीनवर नेतो, आणि इतका वेळ एकाच जागी बसलेल्या ऐकणाऱ्याला जमीन सरकल्यासारखे वाटते. लगेच तो पांढरी एकवर परततो आणि सारा डोलारा धाडकन कोसळतो. गाणे संपते.

या लयीवरून एक प्रसिद्ध खटकाही उडाला. १९३० साली आर्तुरो टोस्कानिनी या इटालियन संगीतसंचालकाने पॅरिसमध्ये ‘बोलेरो’ रावेलला हव्या होत्या त्यापेक्षा जलद वाजवून घेतला. लोकांनी टाळ्यांचा गजर केला. श्रोत्यांत बसलेला रावेल मात्र नाराज झाला. दोघांत वाद झाला, तो जगभरच्या संगीतवाल्यांना आजही ठाऊक आहे. सूर बदलला नव्हता, चाल बदलली नव्हती, एकही वाद्य कमी-जास्त झाले नव्हते. फक्त पाय जरा भराभर पडले होते. तेवढ्यानेच ‘ही माझी रचना नव्हे’ असे कर्त्याला वाटावे, यात लयीचा महिमा आला.

आमच्या भागातल्या एका जुन्या ढोलकीवाल्याला मी हा ‘बोलेरो’ मोबाइलवर ऐकवला. त्याने डोळे मिटून पूर्ण ऐकला. पाश्चात्त्य संगीताविषयी तो काही बोलेल, अशी माझी अपेक्षा होती. त्याने विचारले ते भलतेच : हा वाजवणारा मध्ये हात बदलतो का, की एकटाच शेवटपर्यंत ओढतो? शेवटाकडे दुसरा ढोल त्याच्या जोडीला येतो, असे सांगितल्यावर त्याच्या चेहऱ्यावर समाधान दिसले. एका कामगाराने दुसऱ्या कामगाराची विचारपूस करावी, तशी ती चौकशी होती.

तंजावरची मराठी साखळी

एकच लय आणि एकच सूर धरून सबंध नाच बांधण्याची ही कल्पना काही पॅरिसची मिरास नव्हे. ती आपल्या मराठीत ‘बोलेरो’च्या शंभर वर्षे आधी होती, फक्त ती महाराष्ट्रात नव्हे, तर कावेरीच्या काठी होती. तंजावरच्या भोसले घराण्यातले दुसरे सरफोजी राजे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांच्या नावावर मराठी भाषेतली ‘निरूपणे’ आहेत. एक निरूपण म्हणजे अठरा नृत्यप्रकारांची साखळी, आणि ती साखळी एका कथाविषयाला धरून एकाच रागात नि एकाच तालात ओवलेली. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाने हे धन जपले. मुंबईचे नृत्यगुरू पार्वतीकुमार यांनी त्याचा कसून अभ्यास केला आणि या मराठी रचना भरतनाट्यमच्या अंगाने पुन्हा रंगमंचावर आणल्या.

राग एक, ताल एक, तर पाहणारा कंटाळत कसा नाही? कारण तिथे प्रकार बदलतो. कधी नुसते पायाचे काम, कधी बोलांचा खेळ, कधी शब्द आणि त्यावरचा अभिनय. पाय थकले, की चेहरा बोलू लागतो. चेहऱ्याचे सांगून झाले, की पुन्हा पाय. रावेलने आवाज वाढवून भाव चढवला. सरफोजींच्या निरूपणात तो प्रकार पालटून खुलवला जातो. आपल्या लावणीने तिसरीच वाट धरली. तिने लयीलाच हात घातला.

एका तारेत दोन कामे

नांदेडहून लातूरकडे निघाले, की लोहा मागे टाकल्यावर माळेगाव लागते. मार्गशीर्षातल्या वद्य पक्षात, अमावास्येच्या तोंडाला, इथे खंडोबाची यात्रा भरते. घोडे, उंट, गाढवे, बैल यांचा बाजार, घोंगड्यांची, भांड्यांची, पेढ्यांची दुकाने, कुस्त्या, कितीतरी भटक्या जमातींचे वर्षाचे भेटीचे ठिकाण, आणि भंडाऱ्याने पिवळी झालेली माणसे. एका बाजूला वाघ्या दिमडीवर आणि तुणतुण्यावर देवाचे गाणे म्हणतो आहे, मुरळी घाटी वाजवत फेर धरते आहे. दुसऱ्या बाजूला तमाशांचे तंबू उभे आहेत. जिल्हा परिषदेच्या पुढाकाराने होणाऱ्या इथल्या लावणी महोत्सवालाही चांगले नाव आहे. लातूर, परभणी, हिंगोली, शिवाय तेलंगण आणि कर्नाटकच्या सीमेवरून माणूस येतो. माझ्यासारख्याच्या दृष्टीने मात्र यात्रेतले सर्वांत मोठे विद्यापीठ म्हणजे ढोलकीवाल्याच्या मागची जागा.

तिथे बसले, की पहिली गोष्ट कळते ती थंडीची. मार्गशीर्षाची रात्र, उघडे माळरान. दवाने हलगीचे कातडे सैल पडते आणि तिचा आवाज बसतो. म्हणून तंबूच्या मागे छोटा जाळ केलेला असतो. हलगीवाला मधूनच उठून कातडे शेकून आणतो, बोटाने टिचकी मारून पाहतो आणि मग परत येऊन बसतो. ढोलकीचे उजवे तोंड गाणाऱ्या बाईच्या पट्टीशी मिळवून घेतलेले असते. दोरीवरच्या कड्या सरकवून ते चढवायचे-उतरवायचे. डाव्या तोंडातून घुमारा निघतो. गणाच्या आधी ढोलकी आणि हलगी यांची जुगलबंदी होते. एक बोल ढोलकीने टाकायचा, हलगीने तो परतवायचा. बॅलेच्या आधी वाद्यवृंद जी नांदी वाजवतो, तेच हे काम. लोकांना जागेवर बसवायचे आणि आज रात्री लयीचा धनी कोण आहे, ते जाहीर करायचे.

आणि तुणतुणे! एका तारेचे, दिसायला क्षुल्लक वाद्य. पण विचार केला तर थक्क व्हायला होते. त्याची तार ‘सा’ धरून ठेवते, म्हणजे पट्टी सांभाळते. आणि ती छेडली जाते ठेक्यात, म्हणजे लयही सांभाळते. पेटी नव्हती, ध्वनिक्षेपक नव्हते, तेव्हा लय आणि पट्टी ही दोन्ही ओझी या एका तारेने वाहिली. तुणतुणेवाला बहुधा सुरत्याही असतो. गाणारा ओळ सोडतो तिथून ती उचलून तो उंच स्वरात ‘जी जी’ करत लांबवतो. तमाशाची पट्टी एवढी चढी का, याचे उत्तरही इथेच आहे. हजारोंचा जमाव, वरती उघडे आभाळ आणि यंत्राची मदत नाही. शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत शब्द पोचवायचा, तर आवाज वर न्यावाच लागे. गळ्याची ती सवय पुढे शैली बनली. ध्वनिक्षेपक आले, तरी पट्टी खाली उतरली नाही.

इथे पाश्चात्त्य समजुतीत आणि आपल्यात एक मोठा फरक आहे. तिकडे निरनिराळ्या पट्ट्यांना स्वभाव चिकटवायची जुनी पद्धत आहे. ही पट्टी निर्मळ, ती गंभीर, तिसरी शोकाकुल. आपल्याकडे पट्टी गळ्याची असते. कुणाची काळी चार, कुणाची काळी पाच. रात्रभर सगळी गाणी तिच्यातच व्हायची : गण तिच्यात, गवळण तिच्यात, विरहाची लावणी तिच्यात आणि चावट लावणीही तिच्यातच. भाव ठरतो तो चालीत पिलू किंवा भैरवी असा कोणता रंग उतरला आहे त्यावर, आणि त्याहून अधिक लयीवर.

चढत्या-उतरत्या पायऱ्या

जाणकारांनी लावणीचे जे प्रकार सांगितले आहेत, त्यांच्याकडे लयीच्या अंगाने पाहावे. बालेघाटी लावणी विरहाची, दुःखाची. तिला घाई चालत नाही. नावातच आपल्या भागातल्या बालाघाट डोंगराची आठवण आहे. लातूर-नांदेडच्या मुलखातून हीच डोंगररांग जाते. डोंगर चढणारा माणूस जसा मध्ये थांबून श्वास घेतो, तशी ही लावणी शब्दाशब्दाला थांबते. चौकाची लावणी मोठ्या पल्ल्याची. तिच्यात लय एकसारखी राहत नाही, ती बदलत, वळणे घेत जाते. छक्कड शृंगाराची, उडत्या पायांची. सवाल-जबाबात तर लय म्हणजे तलवार. एका बाजूने प्रश्न टाकायचा आणि दुसऱ्या बाजूने ठेका न मोडता उत्तर परतवायचे. ठेका मोडला, की उत्तर बरोबर असूनही हार.

चांगली फडाची लावणी कशी उलगडते, ते पाहण्यासारखे असते. आधी बाई ठाय लयीत मुखडा म्हणते. आठ मात्रांचा ठेका शांतपणे चाललेला. या लयीत शब्दाचा अर्थ नजरेने, भुवईने, पदराच्या टोकाने सांगायला जागा असते. एकच ओळ तीन वेळा म्हणायची आणि तिन्ही वेळा तिचा अर्थ वेगळा करायचा, ही इथली कसोटी. ढोलकीवाल्याची नजर तिच्या पायांवर खिळलेली. मग तिची टाच एकदा जोरात पडते, किंवा ती नुसती मान वळवते, आणि ढोलकी दुगणीत जाते. आता शब्द मागे, घुंगरू पुढे. तुकडा होतो, तिहाई होते आणि समेवर दोघे एकाच क्षणी थांबतात. तंबूतली सारी टोपी-पागोटी एकदम हलतात. आणि लगेच, खरी कारागिरी इथे आहे, लय पुन्हा खाली उतरते. दमलेल्या श्वासानेच पुढची ओळ येते, आणि त्या श्वासामुळेच ती खरी वाटते.

यात दौलतजादाचा अडथळा असतोच. कुणीतरी उठतो, पैसे पुढे करतो, फर्माईश सांगतो. गाणे तुटते. नाव पुकारून होईपर्यंत ढोलकीवाला हलक्या बोटांनी ठेका जिवंत ठेवतो, निखाऱ्यावर राख घालून विस्तव राखावा तसा. पुन्हा गाणे सुरू होते, तेव्हा लय तिथेच सापडली पाहिजे जिथे सोडली होती. आणि बाईचा गुडघा दुखत असेल, सलग तिसऱ्या गावचा सलग तिसरा खेळ असेल, तर तो ढोलकीवाला लय केसभर खाली ठेवतो. पाहणाऱ्याला कळतही नाही. तिला कळते.

बैठकीच्या लावणीत हा संथपणा आणखी मुरतो. यमुनाबाई वाईकर (१९१५–२०१८) यांचे उतारवयातले गाणे ज्यांनी ऐकले, त्यांना मी काय म्हणतो ते उमगेल. बसून केलेली अदा, विलंबित चाल आणि एका शब्दाभोवती घातलेल्या किती येरझारा! त्यांना २०१२ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा त्यांचे वय नव्वदीच्या पुढे गेलेले होते. पाय थकले, तरी लय म्हातारी झाली नव्हती.

तीन मिनिटांची कात्री

या ऐसपैस लयीला पहिली कात्री लागली ती ध्वनिमुद्रिकेची. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन मिनिटे मावत. लावणीतले काय ठेवायचे आणि काय गाळायचे? ठाय लयीतली पुनरावृत्ती गेली, उडती बाजू राहिली. पुढे सिनेमा आला. ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) मधले वसंत पवारांचे संगीत, ‘पिंजरा’ (१९७२) मधले राम कदमांचे संगीत, सुलोचना चव्हाणांचा ठसका. यांनी लावणी घराघरांत नेली, हे ऋण मोठे आहे. तमाशाच्या वाटेला कधी न गेलेल्या घरांतल्या बायकांनीही ही गाणी गुणगुणली. त्या संगीतकारांना तमाशाची लय आतून ठाऊक होती, म्हणून तीन-चार मिनिटांतही त्यांनी तिचा जीव राखला. पण तेवढीच लांबी आणि तेवढाच वेग म्हणजे लावणी, असा कानांचा समज होत गेला, तो मात्र गेलाच नाही. मग यात्रेतही लोक सिनेमातलीच लावणी मागू लागले, आणि तीही सिनेमातल्याच वेगाने.

दुसरी कात्री गेल्या काही वर्षांतली. ती जास्त धारदार आहे. ढोलकी, हलगी, पेटी, तुणतुणे यांच्या जागी आता कित्येक ठिकाणी तयार ट्रॅक वाजतो. एक माणूस बाजूला बसून कळ दाबतो. पडद्यामागून कुणा दुसऱ्याच गायिकेचा आवाज येतो, समोरची मुलगी ओठ हलवते आणि नाचते. प्रकाश झगमगीत, आवाज छातीत धडकणारा. तरुण पोरे खूश असतात, आणि त्यांच्या आनंदाला नावे ठेवायचे मला काही कारण नाही.

फडमालकांनाही सरसकट दोष देता येत नाही. त्यांचे गणित आपण समजून घेतले पाहिजे. मोठा फड म्हणजे एक फिरते गाव. मालमोटारी, तंबू, डिझेल, स्वयंपाकी, मजूर, वादक, कलावंत. पावसाळ्यात काम बंद, हंगामात एखाद्या गावी अवकाळी पाऊस झाला, की त्या दिवसाचा गल्ला गेला. करोनाच्या काळात २०२० आणि २०२१ साली यात्रा-जत्रा बंद पडल्या, तेव्हा या मंडळींवर काय गुदरले, ते सगळ्यांनी पाहिले. अशा वेळी चार वादकांचा खर्च वाचवणारी कळ कुणाला नकोशी वाटेल?

पण वाचला तो खर्च आणि गेले ते काय, याचाही हिशेब मांडायला हवा. ट्रॅक बाईच्या पायाकडे पाहत नाही. तिला दम लागला, तरी तो थांबत नाही. वन्समोर आला, तर तो पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा त्याच वेगाने सुरू होतो. दुसऱ्या वेळी थोडे संथ, थोडे जवळून सांगावे, हे त्याला माहीत नाही. त्याची पट्टी दुसऱ्याच गळ्यावर बेतलेली. समोरच्या मुलीने हौसेने गायचे म्हटले, तर तिने आपला गळा त्या पट्टीला ताणायचा. आणि संथ लावणी तर ट्रॅकवर जवळजवळ अशक्यच. कारण संथ लयीचा सारा डौल प्रतीक्षेत असतो, आणि प्रतीक्षा दोघांनी मिळून करायची असते. बालेघाटीचा भाव मंचावरून हळूहळू ओसरला, त्याचे एक मोठे कारण हेच आहे, असे मला वाटते. दुःख सांगायला जी लय लागते, तीच राहिली नाही.

कुणी म्हणेल, मघाशी तर तुम्ही ‘बोलेरो’चे कौतुक करत होता, तिथेही लय बांधलेलीच आहे की! बरोबर आहे. बांधलेली लय वाईट नव्हे. पण तिथे ती एका जिवंत माणसाच्या मनगटात बांधलेली आहे. पंधरा मिनिटे एकच बोल वाजवताना तो वादक ऐकतो आहे, पाहतो आहे, आवाज तोळ्या-मासाने वाढवतो आहे. समोर संचालक आहे, टेबलावर नर्तकी आहे. आणि त्या लयीबद्दल मतभेद झाला, तेव्हा रावेलला टोस्कानिनीशी भांडता तरी आले. ट्रॅकशी कोण भांडणार? त्याच्यापुढे नाचणारीचे काही म्हणणेच उरत नाही. लय तिच्या पायांतून निघून भलत्याच खोलीत, भलत्याच दिवशी, भलत्याच माणसाने ठरवून ठेवलेली असते. ती फक्त हुकूम पाळते. एरवी समाजाने या बायांच्या हाती फारसे काही ठेवले नव्हते. टाचेच्या एका ठोक्यावर साऱ्या तंबूचा श्वास वेगवान करायचा, नाही तर रोखून धरायचा, एवढी सत्ता मात्र त्यांची होती. तीही अशी अलगद निसटते आहे.

अजून आहे ते

सारेच संपले, असा सूर मला लावायचा नाही. माहूरच्या रेणुकेचे नाव घेऊन गोंधळ घालणारे रेणुराई गोंधळी आजही संबळ आणि तुणतुणे घेऊन लग्नाघरी उभे राहतात. देवदेवतांना गोंधळाला येण्याचे आवतण देताना लय सावकाश असते, आख्यानात ती वळणे घेते आणि जोत पेटल्यावर संबळाचा वेग असा चढतो, की बसलेली म्हातारी माणसेही डोलू लागतात. औशाच्या नाथ संस्थानाच्या परंपरेतले चक्रीभजन पाहावे. टाळ-मृदंगाच्या नादात चक्राकार फिरणारी ती माणसे लय बाहेरून ऐकत नाहीत. ती त्यांच्याच पावलांतून निघते. दोन्ही ठिकाणी मुहूर्त रात्रीचा असला, तरी घाई नाही. आणि कळ दाबणारा कुणी नाही.

लावणीतही ढोलकीवर हात फिरवणारी तरुण पोरे आहेत. त्यांना हवे आहे ते वाजवायला व्यासपीठ आणि पोटापुरती बिदागी. यात्रांमधून लावणीचे महोत्सव भरवणाऱ्यांनी एवढे जरी केले, तरी पुष्कळ होईल : प्रत्येक संघाने किमान एक लावणी प्रत्यक्ष वादकांच्या साथीने करावी, आणि ती ठाय लयीत सुरू व्हावी. बक्षीस नर्तकीला देताना ढोलकीवाल्यालाही मंचावर बोलवावे. याला मोठा निधी लागत नाही. लागते ती थोडी जाण.

आणि आपण ऐकणाऱ्यांनीही थोडे काम करायला हवे. पुढच्या मार्गशीर्षात माळेगावला गेलात, तर समोरच्या रांगेचा आग्रह धरू नका. ढोलकीवाला दिसेल अशा बाजूला बसा. त्याचे डोळे कुठे आहेत, ते पाहा. नाचणाऱ्या बाईच्या टाचेवर असतील, तर निश्चिंत व्हा. लय योग्य हाती आहे. गाणे संथ सुरू झाले, तर ‘उडते म्हणा’ म्हणून ओरडू नका. तिला तिच्या पायांनी वर येऊ द्या. थोडे थांबावे लागेल. पण थांबलेल्याला समेवर जे मिळते, ते घाई करणाऱ्याच्या हाती कधीच लागत नाही.